सिलिंडर हेड निवडताना: पहिलं परफॉर्मन्स इंजिन बांधणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या इंजिनासाठी मी सगळ्यात आधी हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसणारी, व्हॉल्व्ह आणि हवेच्या वाटा असलेली झाकणं, विकत घेतली आणि मग बाकीच्या इंजिनाचा विचार सुरू केला. इंजिन होतं शेव्हरलेचं ३५० क्युबिक इंची स्मॉल ब्लॉक, म्हणजे ५.७ लिटरचं. गाडी रस्त्यावर चालवायची, कॅम (व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा) बेताचा, गिअरबॉक्स ऑटोमॅटिक. हेड मात्र २२० सीसी इनटेक पोर्टची (पोर्ट म्हणजे हेडमधली हवेची वाट), कारण तक्त्यात फ्लोचा, म्हणजे वाहणाऱ्या हवेचा, आकडा त्यांचाच सगळ्यात मोठा होता. इंजिन सुरू झालं, आवाजही छान आला, पण ३५०० आरपीएमच्या खाली त्यात जीवच नव्हता. पाय दाबला की गाडी आधी घुटमळायची आणि मग कुठे पळायला लागायची. पुढच्या वर्षी खालचं सगळं इंजिन आणि कॅम तोच ठेवून १८० सीसीची हेड बसवली. त्या दिवशी पहिल्यांदा ती गाडी मला हवी होती तशी चालली.

तेव्हापासून मी एकच नियम पाळतो: ठरवलेली ताकद जी हेड देऊ शकतात, त्यांतली सगळ्यात लहान पोर्टची घ्यायची. तिथपर्यंत कसं पोचायचं ते खाली क्रमाने देतोय. उदाहरणं बहुतेक स्मॉल ब्लॉकची आहेत, कारण माझे हात त्यात काळे झालेत. हिशेब मात्र कुठल्याही पेट्रोल इंजिनाला लागू पडतो.

मापांबद्दल एक खुलासा. या कामात इंच आणि थाऊच चालतात. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी.

आधी हे जमवा

माहिती:
- बोअर आणि स्ट्रोक. ब्लॉक बोअर केला असेल तर आत्ताचं माप, कारखान्याचं नाही
- ब्लॉकचा कास्टिंग नंबर
- कॅम कार्ड: लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो), ०.०५० इंचावरचं ड्युरेशन (किती अंश उघडा राहतो), लोब सेपरेशन (कॅमवरच्या इनटेक आणि एक्झॉस्टच्या उंचवट्यांमधला कोन)
- पिस्टनच्या माथ्याचा सीसी (खळगा किंवा फुगवटा) आणि टीडीसीला, म्हणजे सगळ्यात वर असताना, पिस्टन डेकच्या (ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठभागाच्या) किती खाली राहतो ते
- हेड गॅस्केटचा बोअर आणि दाबल्यावरची जाडी
- हेडचं पूर्ण फ्लो शीट, प्रत्येक लिफ्टच्या आकड्यासह

हत्यारं: व्हर्नियर, मॅग्नेटिक स्टँडसह डायल इंडिकेटर, स्ट्रेट एज, फिलर गेज, ब्युरेट, मधे भोक पाडलेली अ‍ॅक्रिलिकची जाड पट्टी, डिग्री व्हील, दोन हलक्या चेकिंग स्प्रिंग, लांबी बदलता येणारा पुशरॉड (कॅमची हालचाल रॉकरपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या हातापर्यंत, नेणारी दांडी), खेळायची मऊ क्ले आणि भरवशाचा टॉर्क रेंच.

यातलं काही नसेल तर उसनं आणा, पण त्याच्याविना पुढे जाऊ नका.

१. इंजिन कुठल्या फेऱ्यांवर राहणार ते ठरवा

किती एचपी हवी, हे सगळे सांगतात. जास्तीत जास्त ताकद किती आरपीएमवर हवी आणि गाडी रोज किती आरपीएमवर चालणार, हे फार थोडे सांगतात. रस्त्यावरच्या गाडीचं बरंचसं आयुष्य १५०० ते ४००० आरपीएममध्ये जातं. जिथे इंजिन ५००० च्या खाली उतरतच नाही, ती ट्रॅकची गाडी वेगळी. हे दोन आकडे कागदावर लिहा. पुढची प्रत्येक पायरी त्यांच्यावर उभी आहे.

२. किती हवा लागेल याचा हिशेब करा

टर्बो किंवा सुपरचार्जर नसलेल्या, नीट जुळवलेल्या इंजिनासाठी एक जुना ठोकताळा आहे. २८ इंच पाण्याच्या दाबफरकावर मोजलेला इनटेकचा फ्लो सीएफएममध्ये (मिनिटाला घनफूट) घ्या, त्याला सिलिंडरांच्या संख्येने आणि ०.२५७ ने गुणा. जे येईल ती त्या हेडची वरची मर्यादा, एचपीमध्ये.

उलटा हिशेब करून बघा. आठ सिलिंडरांतून ४०० एचपी हवी असेल, तर ४०० भागिले (८ × ०.२५७), म्हणजे जेमतेम १९५ सीएफएम. हेडच्या पुढे इनटेक मॅनिफोल्ड येतो आणि तोही थोडा फ्लो खातो. म्हणून दहा टक्के वाढवून २१५ धरा. मी ४०० एचपीच्या इंजिनासाठी २८० सीएफएमची हेड शोधत होतो. हा पाच मिनिटांचा गुणाकार तेव्हा केला असता, तर माझं एक वर्ष वाचलं असतं.

३. पोर्टचं माप इंजिनाशी जुळवा

खरी चूक इथे होते. पोर्टमधून जाणाऱ्या हवेला वेग असतो, आणि वेग असला की जोर असतो. पिस्टन तळाला जाऊन परत वर यायला लागतो तेव्हा इनटेक व्हॉल्व्ह अजून उघडाच असतो. त्या क्षणी हवा मागे न फिरता आत घुसत राहते ती याच जोरावर. पोर्ट गरजेपेक्षा मोठा असला की कमी फेऱ्यांवर हवा संथ होते, पेट्रोलचे थेंब नीट मिसळत नाहीत आणि भरलेल्या हवेचा काही भाग मॅनिफोल्डकडे परत ढकलला जातो. माझी गाडी घुटमळत होती ती यामुळे.

पोर्ट फार लहान असला तर उलट होतं. वरच्या फेऱ्यांवर हवेचा वेग एका मर्यादेला टेकतो आणि इंजिन तिथेच थांबतं. ही मर्यादा साधारण सेकंदाला ६१३ फूट धरतात, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ०.५५ पट. त्यावरून पोर्टच्या सगळ्यात अरुंद जागेचं क्षेत्रफळ असं काढतात:

बोअर × बोअर × स्ट्रोक × आरपीएम × ०.००३५३ ÷ ६१३

बोअर आणि स्ट्रोक इंचात, उत्तर चौरस इंचात. ३५० चा बोअर ४.०० आणि स्ट्रोक ३.४८ इंच. ६००० आरपीएमला १.९२ चौरस इंच येतात, ५५०० ला १.७६, ६५०० ला २.०८. विक्रेत्याला पोर्टचा सीसी न विचारता हे क्षेत्रफळ विचारा. सीसी म्हणजे पोर्टचं एकूण आकारमान, आणि लांब पोर्टचा सीसी आपोआप जास्त भरतो. दोन वेगळ्या इंजिन घराण्यांच्या हेडांचे सीसी शेजारी ठेवून तुलना केली तर फसाल. एकाच घराण्यात मात्र सीसी उपयोगी पडतो: रस्त्यावरच्या ३५० साठी १७० ते १९५, मोठा कॅम आणि ३८३ क्युबिक इंच असेल तर १९५ ते २१०, त्याच्या वर ४०० क्युबिक इंचापुढची किंवा ७००० फिरणारी इंजिनं.

दोन मापांच्या मधे अडकलात तर लहान घ्या. पोर्ट नंतर घासून मोठा करता येतो, मोठा पोर्ट लहान करणं मात्र फार जिकिरीचं काम आहे.

४. फ्लो शीट वाचायला शिका

आधी दाबफरक पाहा. फ्लो बेंच १० इंचावर, २५ इंचावर किंवा २८ इंचावर चालवतात. फ्लो दाबफरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे १० इंचावरचे १५० सीएफएम म्हणजे २८ इंचावरचे २५१. हे न बघता दोन शीट शेजारी ठेवली तर चांगलं हेड कमजोर वाटेल.

मग आपल्या कॅमची लिफ्ट शोधा आणि तिच्या वरच्या सगळ्या ओळींवर कागद झाका. तुमचा व्हॉल्व्ह ०.४८० इंच उघडत असेल, तर ०.७०० इंचावर हेड किती हवा ओढतं याच्याशी तुमचा काही संबंध नाही. आणि ०.२०० ते ०.४०० या मधल्या ओळींवर जास्त वेळ घालवा. व्हॉल्व्ह या टप्प्यातून प्रत्येक वेळी दोनदा जातो, उघडताना आणि मिटताना. शिखरावर तो क्षणभरच असतो. समान शिखराच्या दोन हेडांपैकी मधल्या लिफ्टवर भरलेलं हेड रस्त्यावर नेहमी बरं वाटतं.

व्हॉल्व्हचा व्यास किती कामाचा, तेही इथे कळतं. व्हॉल्व्ह व्यासाच्या पाव पट उघडला, की त्याच्या कडेभोवतीची फट त्याच्या तोंडाच्या क्षेत्रफळाएवढी होते. २.०२ इंची व्हॉल्व्हला हे ०.५०५ इंचावर होतं. त्याच्या पुढे फ्लो ठरवतो तो मुख्यतः पोर्ट.

एक्झॉस्टचा फ्लो इनटेकच्या साधारण ७५ टक्के असला की बास. बेंचवर मोजताना एक्झॉस्टला पाइप जोडला होता का आणि खाली किती बोअरचा नळा होता, हे शीटवर लिहिलेलं असावं. ४.१५५ इंची नळ्यावर मोजलेलं हेड तुमच्या ४.०० इंची सिलिंडरवर तेवढाच फ्लो देईलच असं नाही. भिंत जवळ आली की व्हॉल्व्हची ती बाजू झाकली जाते.

५. चेंबर, कॉम्प्रेशन आणि क्वेंच

हा हिशेब स्वतः करा, विक्रेत्याच्या तोंडी उत्तरावर राहू नका. कॉम्प्रेशन रेशो म्हणजे पिस्टन तळाला असतानाचं सगळं आकारमान भागिले पिस्टन माथ्याला असतानाचं.

आमच्या ३५० चं एका सिलिंडरचं आकारमान ७१६.६ सीसी. माथ्याला उरणारी जागा अशी: चेंबर (हेडमधला मिश्रण जळायचा खळगा) ६४, सपाट पिस्टनचे व्हॉल्व्ह खळगे ५, ४.१ इंची आणि ४१ थाऊ जाडीचं गॅस्केट ८.९, पिस्टन २५ थाऊ खाली राहतो त्याचे ५.१. एकूण ८३. म्हणजे ७९९.६ ÷ ८३, रेशो ९.६३. तेच ७६ सीसीच्या चेंबरने केलं तर रेशो ८.५४ वर घसरतो. हेड बदलून गाडी मंद झाली अशी तक्रार आली, की मी आधी हा आकडा तपासतो.

आता क्वेंच. माथ्याला पिस्टनचा सपाट भाग आणि हेडचा सपाट भाग यांच्यातली फट म्हणजे क्वेंच. ती ३५ ते ४५ थाऊ असली की मिश्रण स्पार्क प्लगकडे जोरात ढकललं जातं, चांगलं घुसळतं आणि नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून बसणारी ठोक) कमी होतं. वरच्या इंजिनात ती २५ अधिक ४१, म्हणजे ६६ थाऊ आहे. फार जास्त. ब्लॉकचा डेक तासून पिस्टन डेकच्या पातळीला आणला की क्वेंच बरोबर ४१ थाऊ होते आणि रेशो १०.२ वर जातो. एकाच कामात दोन्ही गोष्टी जमतात. म्हणून नवशिक्यांना माझा आग्रह असतो की हेडवर सगळं बजेट संपवू नका, डेकच्या कामासाठी राखून ठेवा.

छापील चेंबर सीसीवर विश्वास टाकू नका. हेड उलटं करून समपातळीत ठेवा, व्हॉल्व्ह आणि प्लग बसवा, कडेला ग्रीसचा पातळ थर लावून अ‍ॅक्रिलिकची पट्टी दाबा. ब्युरेटमधून रंग घातलेलं स्पिरिट भोकातून सोडा. शेवटचा बुडबुडा भोकाखाली येऊन फुटेपर्यंत थांबा, त्याला घाई करू नका, आणि मग आकडा वाचा. माझ्या दुसऱ्या हेडांच्या कागदावर ६४ होतं, प्रत्यक्षात ६७ भरलं. त्या तीन सीसींनी ९.६३ चा रेशो ९.३३ केला.

रेशो किती ठेवायचा, हे कॅम आणि पेट्रोलच्या ऑक्टेनवर आहे. लांब ड्युरेशनचा कॅम इनटेक उशिरा मिटवतो, त्यामुळे प्रत्यक्ष दाब कमी राहतो आणि जास्त रेशो चालतो. बेताच्या कॅमला तोच रेशो ठोकायला लावेल.

६. बीड की अ‍ॅल्युमिनियम

अ‍ॅल्युमिनियमची हेड बिडाच्या जवळपास निम्म्या वजनाची असतात, उष्णता लवकर बाहेर नेतात आणि फुटली तर वेल्ड होतात. त्याच पेट्रोलवर अर्धा ते एक पॉइंट जास्त रेशो चालतो असं बरेच इंजिन बिल्डर धरतात. मी अर्ध्यावर थांबतो. मात्र ती प्रमाणाबाहेर तापली की वाकतात, प्लगचे आटे नाजूक असतात, आणि कूलंटमध्ये गंजरोधक नसेल तर आतून खायला लागतात. बीड जड असलं तरी सहनशील. गाडी साधी आणि रेशो ९.५ च्या आत असेल, तर चांगल्या बिडाच्या हेडात काही कमी नाही.

७. ते तुमच्या ब्लॉकवर बसतं का?

बोल्ट जुळले म्हणजे हेड बसलं असं नाही. मी पाहिलेले खड्डे:

- ४०० क्युबिक इंची स्मॉल ब्लॉकमध्ये सिलिंडर एकमेकांना चिकटलेले असतात, म्हणून डेकवर वाफेची छोटी भोकं असतात. ३५० चं हेड लावायचं तर त्यातही ती पाडावी लागतात. नाही पाडली तर वाफ अडकते आणि इंजिन तापतं.
- १९९६ पासूनची व्होर्टेक हेड रस्त्यासाठी फार छान, पण त्यांचा इनटेक आठ बोल्टांचा असतो. जुना बारा बोल्टांचा मॅनिफोल्ड बसत नाही. शिवाय मोठ्या लिफ्टचा कॅम घातला तर रिटेनर (स्प्रिंगची टोपी) खाली गाइडच्या (व्हॉल्व्ह सरकतो त्या नळीच्या) टोकावर आदळतो.
- शेव्हरलेच्याच नंतरच्या एलएस घराण्यात ५.३ लिटरचा बोअर ३.७८ इंच. एलएस ३ च्या हेडला किमान ४.०० इंची बोअर लागतो. त्याचा २.१६५ इंची इनटेक व्हॉल्व्ह लहान सिलिंडरच्या काठावर आपटेल.
- सेल्फ अलाइनिंग रॉकर (व्हॉल्व्हच्या टोकावर स्वतःच सरळ राहणारे) आणि गाइड प्लेट (पुशरॉड सरळ ठेवणाऱ्या पट्ट्या) एकत्र वापरू नका. दोघं पुशरॉड दोन दिशांना ओढतात आणि व्हॉल्व्हचं टोक खाऊन टाकतात.
- एक्झॉस्ट पोर्ट वर सरकवलेले असतील, तर हेडर (एक्झॉस्टचे पाइप) स्टिअरिंगच्या दांड्याला किंवा चेसिसला टेकतात का ते आधी बघा.
- होंडाच्या बी १८ बी ब्लॉकवर बी १६ चं व्हीटेक हेड बसवतात. तेव्हा हेडला तेलाची वेगळी लाइन ओढावी लागते.

व्हॉल्व्ह कव्हरचे बोल्ट, प्लगचा कोन आणि लांबी, अ‍ॅक्सेसरीच्या कंसांची भोकं, याही गोष्टी ऑर्डर देण्याआधी विचारून घ्या.

८. स्प्रिंग कॅमला जुळतात का?

हेड तयार जोडलेलं घेतलंत तरी त्यावरच्या स्प्रिंग तुमच्या कॅमसाठी नसतात. स्प्रिंगची बसवलेली उंची १.८०० इंच आणि पूर्ण दाबल्यावरची १.१५० असेल, तर प्रवास ०.६५० चा. त्यातून ६० थाऊ राखीव ठेवले की ०.५९० लिफ्टपर्यंत सुरक्षित. रॉकरचा रेशो १.५ चा १.६ केलात तर ०.४५० ची लिफ्ट ०.४८० होते, तेही धरा. सीटवरचा दाब कॅम बनवणाऱ्याने सांगितला तेवढाच ठेवा. फ्लॅट टॅपेट (सपाट तळाच्या लिफ्टरच्या) कॅमवर जड स्प्रिंग टाकल्या की लोब पहिल्या अर्ध्या तासात घासले जातात.

९. टर्बो लावणार असाल तर

इनटेक फ्लोचं महत्त्व थोडं मागे पडतं. डेकची जाडी, हेड स्टड, गॅस्केट आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची धातू यांवर लक्ष द्या.

१०. जुनं हेड घेताना

धुतलेलं, चकचकीत रंगवलेलं हेड बघून भुलू नका. बिडाला मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने तडे शोधायची चाचणी) आणि कुठल्याही हेडला प्रेशर टेस्ट केल्याशिवाय पैसे देऊ नका. तडे बहुधा दोन व्हॉल्व्ह सीटच्या मधे किंवा प्लगच्या भोकाजवळ सापडतात. स्ट्रेट एज लांबीत आणि तिरकी ठेवून फिलर सरकवा. चार थाऊपेक्षा जास्त जात असेल तर फेसिंग (पृष्ठभाग तासून सपाट करणं) लागेल. फेसिंग जास्त केलं की चेंबर लहान होतो आणि व्ही इंजिनात इनटेकचे बोल्टही जुळेनासे होतात. शिशाच्या पेट्रोलच्या काळातलं बिडाचं हेड असेल, तर कडक एक्झॉस्ट सीट टाकल्या आहेत का ते विचारा.

११. नवं हेड आल्यावर आधी उघडा

माझी दुसरी हेड नव्या खोक्यातून आली होती. प्रत्येक चेंबरमध्ये रॉकेल ओतून पोर्टमध्ये टॉर्च मारला. सात चेंबरांचे पोर्ट कोरडे राहिले. आठव्याच्या एक्झॉस्ट सीटवरून मिनिटाभरात एक बारीक ओला ओघळ खाली आला. व्हॉल्व्ह काढला तर सीटवरची करडी पट्टी एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला जवळपास नाहीशी झालेली. मशीनशॉपने सीट पुन्हा कापली, काम झालं. तसंच बसवलं असतं तर तो व्हॉल्व्ह जळला असता.

गाइडमध्ये व्हॉल्व्ह स्वतःच्या वजनाने सरकतो का, तेही पाहा. पोर्टमधली धातूची कीस धुऊन काढा, तेलाच्या वाटाही.

१२. क्लेची चाचणी

पिस्टनच्या व्हॉल्व्ह खळग्यांत क्ले चेपून तिला तेल लावा, जुन्या गॅस्केटसह हेड बसवा, आणि इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे सावकाश फिरवा. हायड्रॉलिक लिफ्टर (कॅम आणि पुशरॉडमधला, तेल भरलेला भाग) दबतो आणि मोजमाप खोटं ठरतं, म्हणून या चाचणीपुरता सॉलिड लिफ्टर वापरा. हेड काढून क्ले पात्याने कापा आणि सगळ्यात पातळ जागा मोजा. इनटेकला किमान ८० थाऊ, एक्झॉस्टला १०० हवेत. नंतर चेकिंग स्प्रिंग आणि डायल इंडिकेटर लावून टीडीसीच्या आधीचे आणि नंतरचे दहा अंश पुन्हा तपासा, कारण पिस्टन आणि व्हॉल्व्ह सगळ्यात जवळ येतात ते तिथेच. क्लेमध्ये बाजूची जागाही बघा: व्हॉल्व्हची कड खळग्याच्या भिंतीला लागता कामा नये.

पुशरॉडची लांबी याच वेळी ठरवा. व्हॉल्व्हच्या टोकावर मार्करने रंग लावा आणि इंजिन फिरवा. रॉकरची खूण टोकाच्या मधोमध आणि अरुंद पडली पाहिजे.

१३. बसवताना

स्मॉल ब्लॉकचे हेड बोल्ट पाण्याच्या जॅकेटमध्ये उतरतात, म्हणून आट्यांना सीलंट लावायलाच हवं. एलएसमध्ये भोकं बंद असतात. त्यात तेल किंवा पाणी राहिलं आणि बोल्ट आवळला, तर ब्लॉक फुटतो. ती हवेने फुंकून, कापडाने टिपून कोरडी करा. अ‍ॅल्युमिनियमवर कडक वॉशर, प्लगच्या आट्यांना किंचित अ‍ॅन्टीसीझ. एमएलएस (पोलादाच्या अनेक पातळ थरांच्या) गॅस्केटला दोन्ही पृष्ठभाग अगदी गुळगुळीत लागतात, मशीनशॉपला गॅस्केटचं नाव आधीच सांगा. टॉर्क तीन टप्प्यांत द्या, मधून बाहेरच्या दिशेने, हेड बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्याने.

पहिल्यांदा सुरू करून गरम झालं की बंद करा आणि रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी रेडिएटरची पातळी बघा, डिपस्टिकवरचं तेल दुधाळ झालंय का बघा, आठही प्लग काढून एकमेकांशेजारी ठेवा. एखादाच प्लग बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ दिसला, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय. गाडी बाहेर काढण्याआधी ते हेड पुन्हा उतरवा.